भोकातून बघ, भोकाकडे नको

पोरी,

तू नंबर चारची ली-एनफिल्ड घेतलीस आणि तिच्यावर पार्कर-हेलची पीप साइट, म्हणजे भोकातून नेम धरायची साइट, आहे हे कळलं, तेव्हापासून तुला काही गोष्टी सलग लिहून द्यायच्या मनात होत्या. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या क्लबाच्या पाहुण्यांच्या दिवशी ती रायफल मी हातात घेतली आणि मग राहवेना. रायफल चांगली आहे. नळी स्वच्छ आहे, बोल्ट अलगद सरकतो, लाकूड कुठे पिचलेलं नाही. साइट तर त्याहून चांगली. तरी तुझे गोळ्यांचे ग्रुप पसरतात, आणि तू त्याचा दोष कधी काडतुसाला देतेस, कधी वाऱ्याला. मला तसं वाटत नाही. त्या साइटकडून काम कसं करून घ्यायचं हे तुला कुणी बसून सांगितलेलं नाही, एवढंच. पलटणीत उस्तादांनी आमच्या कानात जे घातलं आणि पुढे मी हाताखालच्या पोरांना जे सांगत आलो, ते आता तुला सांगतो.

सगळ्यात आधी हे. भोकातून बघायचं, भोकाकडे बघायचं नाही. पीप साइट हाती आली की प्रत्येक नवा माणूस त्या भोकाच्या कडा न्याहाळतो, नळीच्या टोकावरच्या फोरसाइटचं पातं बरोबर मधोमध आलंय का ते मोजत बसतो, मग निशाणाकडे बघतो, पुन्हा भोकाकडे येतो. एवढ्या येरझाऱ्यांत डोळा थकतो आणि घोडा भलत्या क्षणी दाबला जातो. तू तसं करू नकोस. नजर फोरसाइटच्या पात्याच्या वरच्या कडेवर ठेव आणि गोळी सुटेपर्यंत तिथून हलवू नकोस. भोक धूसर दिसलं पाहिजे. निशाणही थोडं मऊ दिसेल, दिसू दे. पातं मात्र काळं, धारदार, कोपरे स्पष्ट असं दिसायला हवं. भोकाच्या मध्यभागी पातं आणायचं काम डोळा आपणहून करतो, कारण गोल उजेडाचा मधला बिंदू शोधणं हा त्याचा स्वभावच आहे. तू मदतीला गेलीस की बिघडतं.

याची परीक्षा घरी घेता येते. रायफल रिकामी आहे याची डोळ्याने आणि बोटाने खात्री कर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव, आणि पांढऱ्या भिंतीसमोर पालथी पड. भिंतीवर काही चिकटवू नकोस. नुसती भिंत, भोक आणि पातं. आता स्वतःलाच विचार, की भोकाची कड स्पष्ट दिसतेय की पात्याची? भोकाची कड रेखीव दिसत असेल तर नजर चुकीच्या जागी आहे. कड विरघळून नुसतं फिकट कडं उरलं आणि पातं टोकदार झालं की समज, जागा सापडली. समोर निशाण नसल्यामुळे नजरेला पळायला दुसरी जागा राहत नाही, म्हणून ही भिंतीची तालीम इतकी उपयोगाची. रोज थोडा वेळ कर.

असं का होतं ते समजून घेतलंस तर पुढचं सगळं सोपं जाईल. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. उघड्या खाचेच्या साइटमध्ये त्याला तीन अंतरं सांभाळावी लागतात: खाच, पातं आणि निशाण. पहिल्या महायुद्धातली एसएमएलई, म्हणजे आमच्याकडे ईशापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनलेली नंबर एक मार्क तीन, तिची खाच नळीवर बरीच पुढे आहे. कारण खाच डोळ्याजवळ आणली तर ती अगदीच पुसट होते. मग खाच आणि पातं यांत जेमतेम १९ इंच अंतर उरतं. भोकाला ही अडचण नाही. ते पुसटच दिसायला हवं, म्हणून ते थेट डोळ्यासमोर आणता येतं. तुझ्या नंबर चारमध्ये हेच केलं. भोक मागे बोल्टाजवळ गेलं आणि दोन्ही साइटमधलं अंतर जवळपास २९ इंच झालं. त्याआधी पॅटर्न १९१४ रायफलमध्ये ते ३१ च्याही पुढे नेलं होतं. अंतर वाढलं की हाताची तेवढीच चूक कागदावर लहान होऊन उमटते. सैन्याने खाच सोडून भोक धरलं त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे नव्या रंगरुटाला ते शिकवायला कमी वेळ लागतो. आमच्या सेल्फ-लोडिंग रायफलवरही पीपच होती आणि नंतरच्या इन्सासवरही पीपच आली. नंबर दोनची .२२ रायफल, जिच्यावर एनसीसीच्या कितीतरी पिढ्या नेम धरायला शिकल्या, ती मात्र एसएमएलईच्याच साच्यातली, खाचेवाली. तिच्यावर हात बसलेली मुलं पीपवर आली की आधी खाचच शोधतात. तू खाचेवर शिकली नाहीस, हे एका अर्थी बरंच झालं.

भोक लहान असलं की आणखी एक गोष्ट घडते. सुईत दोरा ओवताना आपण डोळे बारीक करतो ना, तसंच. डोळ्यात शिरणारा उजेड बारीक वाटेने आला की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं. म्हणून चाळिशी लागलेल्या नेमबाजाला पीप साइट वरदान वाटते. पण बारीक म्हणजे किती, इथे बहुतेक जण घसरतात. तुझ्या साइटला सहा भोकांची फिरती चकती आहे आणि तू सगळ्यात बारीक भोक लावून बसली होतीस, कारण त्यातून पातं सर्वांत काळं दिसतं. ऊन लख्ख असेल तोवर ते ठीक. ढग आला की चित्र मंद होतं, डोळ्याची बाहुली मोठी होते, डोळा ताणला जातो आणि तुला वाटतं की आज आपलाच दिवस नाही. हिशेब करून बघ. १.२ मिलिमीटरच्या भोकातून जेवढा उजेड येतो, त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त ०.९ मधून येतो. शिवाय भोक फारच बारीक झालं की प्रकाश कडेवर पसरतो आणि पात्याची धार उलट बोथट होते. साधारण १.१, १.२ च्या आसपास सुरुवात कर. ढगाळ दिवशी मोठ्याकडे जा, उन्हात बारीक भोकाकडे. भोक बदललंस तर वहीत लिही. जुन्या चकतीत सगळी भोकं अगदी एका केंद्रावर येतातच असं नाही, आणि बदलल्यावर गोळी थोडी सरकू शकते. सरकते का, किती आणि कुठे, हे एकदा कागदावर तपासून ठेव.

आणि त्या चकतीची भोकं साफ ठेव. त्या दिवशी मी तुझी साइट आभाळाकडे धरून बघितली तर एका भोकात कापडाचा बारीक तंतू आडवा होता. तो डोळ्याला तंतू म्हणून दिसत नाही. तो फक्त पात्याची एक कड जाड करतो आणि तू त्या जाड कडेचा नेम धरतेस. आता एक सवय लाव. चांदमारीवर पोचलं की पहिल्यांदा साइट आभाळाकडे धरायची, सूर्याकडे कधीच नाही, आणि प्रत्येक भोक गोल, कोरडं, रिकामं आहे ना ते बघायचं. साफ करायला लाकडी काडीचं टोक किंवा मऊ केसांचा ब्रश घे. टाचणी, सुई किंवा कुठलंही पोलाद त्यात घालू नकोस. भोकाच्या कडेला एक ओरखडा पडला की ती चकती गेली, आणि तसली चकती आता बाजारात सहज मिळत नाही. तेलाचा थेंबसुद्धा तिथे नको. तेल भोकात पडद्यासारखं ताणलं जातं आणि सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसतं.

डोळा भोकापासून किती लांब असावा, यावर लोक फार वाद घालतात. .२२ वर जवळ गेलं तरी चालतं. .३०३ वर नाही. ती रायफल खांद्याला धक्का देते आणि पार्कर-हेलसारखी साइट मूळ साइटपेक्षा मागे, तुझ्या भुवईच्या बाजूला येते. पालथं पडून नेम धरताना डोकं आपोआप पुढे सरकतं, म्हणून अंतर उभ्याने मोजू नकोस, पालथं पडूनच मोज. भुवई आणि साइट यांत तीन बोटं तरी राहायला हवीत. त्याहून जवळ असेल तर बट लांब करण्याची सोय बघ, स्लिंग आखूड कर, कोपर पुढे घे, पण भुवई फोडून घेऊ नकोस. चष्मा काचेचा नसावा, पॉलिकार्बोनेटचा असावा. जुनी रायफल, जुनी काडतुसं आणि उघडे डोळे हे एकत्र येऊ द्यायचं नाही. अंतर कितीही ठेव, ते दर गोळीला तेच असायला हवं. गाल लाकडावर ज्या जागी टेकतो तिथे मी पोरांना बोट फिरवून दाखवायचो: हाडाखाली, नेहमी इथेच. गाल वर-खाली झाला की भोकाच्या कड्याचा आकार बदलतो. कडं एका बाजूला जाड दिसू लागलं की तोच इशारा समजून रायफल खाली ठेव, श्वास घे, पुन्हा बस.

बारीक भोकात डोकं थोडं हललं तरी फार बिघडत नाही, कारण भोकाबाहेर डोळ्याला जागाच नसते. मोठ्या भोकात बिघडतं. तुझ्या रायफलच्या मूळ बॅकसाइटवर पट्टी खाली पाडली की मोठं भोक दिसतं. ते जवळच्या आणि घाईच्या मारासाठी. त्या भोकात डोळा मध्यापासून १ मिलिमीटर जरी सरकला तरी १०० यार्डांवर गोळी जवळपास ५ इंच बाजूला जाईल. २९ इंचांच्या अंतरात १ मिलिमीटर हा कोन बसवून बघ, उत्तर तेवढंच येतं. म्हणून कागदावर ग्रुप काढायचा तेव्हा मोठं भोक नको. संध्याकाळच्या मंद उजेडात ते कामाचं असतं, पण तेव्हाही जपून. फोरसाइटच्या दोन्ही बाजूंना जे लोखंडी कान आहेत, त्यांतल्या एकालाच पातं समजून नेम धरणारे मी पाहिलेत. कानाच्या कडा बाहेर वळलेल्या असतात, पातं सरळ उभं असतं. रायफल वर आणली की आधी दोन्ही कान दिसू देत, मग त्यांच्यामधलं पातं धर.

आता चष्म्याविषयी. तुझं वय आता असं आहे की वाचायला चष्मा लागतो आणि लांबचं बरं दिसतं. वाचायचा चष्मा लावून नेम धरू नकोस. त्यात निशाण नाहीसं होईल. दोन नंबरांचा चष्मा तर मुळीच नको, कारण पालथं पडल्यावर आपण काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघतो आणि तिथे कुठला नंबर येईल त्याचा भरवसा नाही. नेत्रतज्ज्ञाला सांग, की लांबच्या नंबरात अर्धा डायॉप्टर मिळवून नेमाच्या डोळ्यासाठी एक काच कर. पातं डोळ्यापासून साधारण एक मीटरवर आहे आणि निशाण शेकडो मीटरवर, हे त्यांना समजावून सांग. ही अर्ध्या डायॉप्टरची भर नजरेला त्या दोहोंच्या मधे कुठेतरी बसवते आणि बाकीचं भोक सांभाळून घेतं. काच नेमाच्या रेषेला काटकोनात असावी. म्हणूनच नेमबाजीच्या फ्रेममध्ये काच फिरवता येते. दुसरा डोळा मिटू नकोस. एक मिटला की दुसरा ताणला जातो. त्याच्यापुढे दुधी प्लास्टिकचा तुकडा लाव. काळा नको, काळ्याने बाहुली मोठी होते आणि नेमाच्या डोळ्याचीही तिच्याबरोबर होते.

फोरसाइटकडे येऊ. तुझ्या रायफलवर पातं आहे, पण काही सामन्यांत गोल कड्याची फोरसाइटही चालते. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर पालथ्या स्थितीत विश्वविजेतेपद मिळवलं, ते अशाच मागे भोक आणि पुढे कडं असलेल्या रायफलवर. त्या निशाणाचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा, म्हणजे ५० मीटरवर कोनाच्या पावणेआठ मिनिटांच्या आसपास. कडं घेताना बहुतेक नवे नेमबाज काळ्या गोलाला घट्ट मिठी मारेल असं बारीक कडं निवडतात. ते छान दिसतं आणि फसवतं. पांढरी फट फारच बारीक झाली की ती चारही बाजूंनी सारखी आहे की नाही हे डोळ्याला कळेनासं होतं, आणि हात थोडा हलला की फट एका बाजूने गायबच होते. कडं सैल घे. काळ्या गोलाभोवती पांढरं चांगलं मोकळं राहू दे. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटेल, पण ग्रुप आवळतो.

पात्याचा नियम वेगळा. काळ्या गोलाच्या खाली पातं ठेवून मध्ये पांढऱ्याची बारीक रेघ राखायची, का गोलाच्या मध्यात पातं घुसवायचं? मी पहिल्या पद्धतीचा. काळ्यावर काळं ठेवलं की पात्याची वरची कडच हरवते, आणि ज्या कडेवर नजर ठेवायची तीच हरवली तर उरलं काय? पांढरी रेघ मात्र नेहमी तेवढीच राख. कधी केसाएवढी, कधी बोटाएवढी, असं करू नकोस. उजेड वाढला की काळा गोल लहान भासतो आणि रेघेचा अंदाज बदलतो. जुन्या इंग्रज नेमबाजांत तर उजेड चढला की साइट चढव असा मंत्रच आहे. तो प्रत्येकाच्या डोळ्याला सारखा लागू पडत नाही. तुझ्या वहीत आभाळ कसं होतं हा रकाना ठेव. एका उन्हाळ्यात तुझा डोळा कुठल्या बाजूचा आहे ते कळेल.

आणि आता कापूर. हसू नकोस, हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. पात्याचा मुलामा घासून गेला की खालचं पोलाद चमकतं. उजवीकडून ऊन आलं की पात्याची उजवी कड पांढऱ्या कागदात विरघळते आणि तुझं पातं अर्धंच उरतं. मग गोळी बाजूला जाते आणि तू वाऱ्याला दोष देतेस. रंग लावून काम भागत नाही. रंग जाड असतो, कोपरे गोल करतो आणि उन्हात त्यालाही चकाकी येते. काजळी हवी. बोल्ट काढून वेगळा ठेव, चेंबर रिकामं आहे ते बघ, काडतुसं लांब ठेव आणि मोकळ्या हवेत जा. आधी पातं पेट्रोलच्या चिंधीने पुसून तेलाचा अंशही ठेवू नकोस, चिंधी दूर टाक, पातं पूर्ण वाळू दे. पत्र्याच्या झाकणात कापराची एक वडी पेटव. ज्योत पात्याला लागू द्यायची नाही, ज्योतीच्या टोकावरचा काळा धूर लागू द्यायचा. पातं त्या धुरावर हळूहळू फिरव. काही क्षणांत त्यावर मखमली काळा थर बसतो. त्याला चकाकी अजिबात नसते, कोपरे जसेच्या तसे राहतात. बोट लागलं की तो निघतो, म्हणून चांदमारीवर जाऊनच लाव आणि हूड असेल तर चढव. तुमच्याकडे इंग्लंडात वेंब्लीला, साउथॉलला, लेस्टरला कुठल्याही गुजराथी दुकानात पूजेचा कापूर मिळेल. सामना संपला की मात्र तो थर पुसून पात्याला तेलाचा हात लाव. काजळी ओल धरते आणि खाली गंज चढतो.

आता साइटच्या अंगाचं. तुझ्यासारखी नंबर चारवरची पीएच-५सी असो नाहीतर एसएमएलईवरची पीएच-५ए, या साइट अनेक दशकांच्या हातांखालून गेलेल्या आहेत. आतला स्क्रू आणि त्याचे आटे झिजलेले असतात. मग बटण फिरतं, क्लिक ऐकू येते, पण भोक जागचं हलत नाही, कारण पहिल्या एकदोन क्लिक आट्यांतली ढिलाई, म्हणजे प्ले, भरून काढण्यातच जातात. यावर एकच इलाज. शेवटचं वळण नेहमी एकाच दिशेने द्यायचं. मी वरची दिशा धरतो. ६०० यार्डांवरून ३०० वर उतरायचं असेल तर ३०० च्या खाली अर्धा फेरा जायचं आणि मग वर चढत ३०० वर थांबायचं. बाजूच्या बटणाचंही तसंच, नेहमी डावीकडून उजवीकडे. ही एक सवय लावलीस तर झिजलेली साइटही नव्यासारखी वागते. सवय नसेल तर नवी साइटही दगा देते.

क्लिक किती मोलाची, हे कोणी सांगितलं म्हणून मानू नकोस. कोनाचं एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर इंचाहून किंचित जास्त, ६०० यार्डांवर सव्वासहा इंच. पाव मिनिटाची क्लिक असेल तर ६०० यार्डांवर दीड इंच. पण साइट मुळात ज्या रायफलसाठी बनवली तिच्यावरून काढून दुसरीवर बसवली की दोन साइटमधलं अंतर बदलतं आणि क्लिकचं मोलही बदलतं. म्हणून एकदा मोठा कागद लाव. १०० यार्डांवर एक ग्रुप काढ. वीस क्लिक वर जा, दुसरा काढ. वीस उजवीकडे, तिसरा. वीस खाली, चौथा. वीस डावीकडे, आणि पाचवा ग्रुप पहिल्यावरच पडायला हवा. पडला तर साइट शहाणी आहे. चौकोन वाकडा आला तर साइट रायफलवर तिरकी बसली आहे. पाचवा पहिल्यापासून लांब पडला तर प्ले. पट्टीने अंतरं मोज, क्लिकने भाग, आणि ते मोल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

दिशा कधी चुकू नये म्हणून एवढंच ध्यानात ठेव: गोळी जिकडे न्यायची तिकडे बॅकसाइट, आणि त्याच्या उलट फोरसाइट. साइट पार तळाला गेली आणि गोळी अजून वरच लागतेय, तर पातं उंच बसवायचं. नंबर चारची पाती ०.०१५ इंचाच्या पायऱ्यांनी वेगवेगळ्या उंचीची येतात आणि एक पायरी म्हणजे १०० यार्डांवर जवळपास १.९ इंच. पातं काढायला ठोकाठोक करू नकोस. त्याचं वेगळं साधन असतं, क्लबात कुणाकडे तरी नक्की असेल.

बारीक भोकातून जग लहान दिसतं, आणि त्याचा एक मोठा धोका आहे. १८७४ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरच्या चांदमारीवर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. ८००, ९०० आणि १००० यार्ड, दोन्ही बाजूंना व्हर्नियरच्या पीप साइट, आयरिश संघाकडे नळीच्या तोंडातून भरायच्या रिग्बी, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. आयरिश संघातल्या मिल्नरने एक गोळी बरोबर मधोमध मारली, पण शेजारच्याच्या निशाणावर. तिचे गुण शून्य. शेवटी अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. ती एक गोळी आपल्या निशाणावर असती तर चार गुण मिळून सामना उलटला असता. त्यांच्या नेमबाजीत काही उणं नव्हतं, नुसता आकडा बघायचा राहिला. तुमच्या बिस्लीच्या चांदमारीवर तर निशाणांची रांग लांबलचक असते. प्रत्येक गोळीआधी दुसऱ्या डोळ्याने, दुधी तुकड्याच्या वरून, आपल्या निशाणाचा आकडा वाच आणि मनात म्हण. मग भोकात ये. जोराच्या वाऱ्यात, पावसात, घाईत सुद्धा हे सोडू नकोस.

बसवण्याविषयी शेवटचं. या साइटचा मोठेपणा असा, की ती रायफलला नवं भोक न पाडता, तिच्याच मूळ स्क्रूंच्या आणि पिनांच्या जागा वापरून बसते. कुणी म्हणालं, की घट्ट बसावी म्हणून इथे एक ड्रिल मारू, तर त्याच्या हातातून रायफल काढून घे. पोलादाला पडलेलं भोक बुजत नाही आणि तिची किंमत आणि इभ्रत दोन्ही जातात. ढिलाई वाटली तर आधी टेकण्याच्या जागेवरचा जुना चिकटलेला मळ काढ, स्क्रूची खाच भरून येईल असाच स्क्रू-ड्रायव्हर घे आणि घट्ट झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या पोलादावर रंगाची एक बारीक रेघ ओढ. रेघ तुटली की स्क्रू फिरलाय हे एका नजरेत कळतं. स्क्रू हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू घुसवू नकोस. हे आटे जुन्या इंचांतले आहेत, मेट्रिकने ते कापले जातील. थांब, जुना सुटा भाग शोध.

साइट काढल्यावर तिला वेगळ्या डबीत ठेव, चकतीचं तोंड वर. रायफलच्या कापडी पिशवीत साइटसकट ठेवू नकोस, पिशवी ओल धरते. आणि तुझ्या रायफलची मूळ बॅकसाइट, तिची पिन आणि स्प्रिंग जुन्या मालकाने दिली असतील तर ती आजच एका पाकिटात घाल. ज्या सामन्यात रायफल सैन्याने दिली तशीच लागते, तिथे पार्कर-हेल चालत नाही आणि तीच मूळ साइट परत चढवावी लागते. नाव नोंदवण्याआधी त्या वर्गाचा नियम स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. पाकिटावर रायफलचा नंबर लिही आणि ते रायफलच्याच कपाटात, कुलपात ठेव.

तुझा,
मामा